पदवीमागची साक्ष

११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी आनंदीबाई जोशी यांना वैद्यकशास्त्राची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. हा प्रसंग महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु त्या पदवीपत्राच्या संबंधाने एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या 'वुमन्स मेडिकल कॉलेज'ने ती पदवी दिली, ते खरोखर शिकविणारे कॉलेज आहे आणि तेथील पदवीधर रोग्याच्या नाडीला हात लावण्यास पात्र आहे, अशी ग्वाही त्या काळी बाहेरचे कोण देत होते? उत्तर चमत्कारिक वाटेल, पण खरे आहे. कोणीही देत नव्हते.

पेन्सिल्व्हेनिया राज्याने १८५० साली त्या कॉलेजाला सनद दिली होती, एवढाच काय तो कायदेशीर आधार. आणि सनदेचाच आधार घेऊन त्याच शहरात जॉन ब्युकॅनन नावाचा एक गृहस्थ वैद्यकीय पदव्यांची चक्क विक्री करीत होता. त्याच्या पदवीसाठी ना वर्गात बसावे लागे, ना प्रेत फाडून पाहावे लागे. पैसे पाठवावे आणि 'डॉक्टर' व्हावे. त्याची गिऱ्हाइके युरोपातही पसरली होती. आनंदीबाई अमेरिकेस पोहोचण्यापूर्वी अवघी तीन वर्षे, म्हणजे १८८० साली, 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड' या वृत्तपत्राने हा व्यापार उघडकीस आणला. तेव्हा नदीत बुडून मेल्याचा देखावा करून ब्युकॅनन पसार झाला. पुढे पकडला गेला आणि तुरुंगात गेला. आनंदीबाईंनी जे पदवीपत्र रात्रंदिवस अभ्यास करून आणि प्रकृतीची होळी करून मिळविले, ते आणि ब्युकॅननने विकलेले पदवीपत्र दुरून पाहणाऱ्याला सारखेच दिसावे, अशी ती परिस्थिती होती.

आपल्याकडील वाचकाला हे समजणे थोडे अवघड जाते, कारण आपली व्यवस्था मुळातच निराळी. १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे कायद्याने विद्यापीठे स्थापन झाली आणि महाविद्यालयाने शिकवावे, परीक्षा मात्र विद्यापीठाने घ्यावी, अशी वाटणी पडली. बडोदा कॉलेजाने मुंबई विद्यापीठाचे छत्र स्वीकारले; हैदराबादेच्या निजाम कॉलेजाने मद्रासचे; इंदूरच्या होळकर महाविद्यालयातील मुलगे पुढे आग्रा विद्यापीठाच्या परीक्षांना बसू लागले. गोव्यात १९६२ साली पहिली महाविद्यालये निघाली, तीही गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू होईपर्यंत मुंबईशीच संलग्न होती. संस्थान कोणतेही असो, राज्य कोणाचेही असो, पदवीवर नाव दूरच्या विद्यापीठाचे. त्यामुळे बडोद्याच्या मुलाला आपले कॉलेज खरे आहे हे मुंबईत कोणाला पटवून द्यावे लागत नसे. १९१३ साली भीमराव आंबेडकर बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या हाती मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी होती आणि तेवढ्या एका नावावर पुढचे दार उघडले.

अमेरिकेत असे एखादे विद्यापीठ नव्हते आणि आजही नाही. तेथील राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. तो विषय राज्यांकडे राहिला. राज्यांनी सनदा वाटल्या आणि बहुतेकांनी पुढे त्यांच्याकडे ढुंकून पाहिले नाही. शिवाय एकदा दिलेली सनद म्हणजे करार आहे, तो राज्याला मनास येईल तेव्हा मोडता येत नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १८१९ साली डार्टमथ कॉलेजाच्या खटल्यात दिला होता. खाजगी संस्थांना त्यामुळे निर्भयपणे वाढता आले. पण त्याच मुभेत नावाला कॉलेज आणि वास्तविक शाळा अशा संस्थांचेही रान माजले. एका गावचे 'कॉलेज' दुसऱ्या गावच्या हायस्कुलाहून कमी शिकवी आणि तरीही पदवी देई.

या गोंधळातून जी वाट निघाली तिला इंग्रजीत 'ॲक्रेडिटेशन' म्हणतात. मराठीत अलीकडे 'अधिस्वीकृती' हा शब्द रूढ झाला आहे. तिचा उगम अगदी साध्या व्यवहारी गरजेत आहे. मिशिगन विद्यापीठाला प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांची पारख करावयाची होती. प्रत्येकाची परीक्षा घेत बसण्यापेक्षा त्याची शाळाच एकदा पाहून यावी, असे ठरले. १८७१ च्या सुमारास विद्यापीठाचे प्राध्यापक राज्यातील हायस्कुलांना भेटी देऊ लागले आणि ज्या शाळा पसंतीस उतरल्या त्यांची मुले परीक्षेवाचून घेतली जाऊ लागली. विद्यार्थ्याऐवजी संस्थेची परीक्षा, ही सगळ्या अधिस्वीकृतीची मूळ कल्पना.

पुढे शाळा आणि कॉलेजे यांनी मिळून प्रदेशवार संघ काढले. न्यू इंग्लंडचा संघ १८८५ चा. मध्य किनाऱ्यावरील राज्यांचा १८८७ चा. १८९५ साली दोन संघ निघाले: शिकागोच्या आसपासच्या विस्तीर्ण टापूचा 'नॉर्थ सेंट्रल' आणि अटलांटा येथे स्थापन झालेला दक्षिणेचा 'सदर्न असोसिएशन'. वायव्येचा १९१७ साली आणि पश्चिम किनाऱ्याचा १९२४ साली. यांपैकी एकही सरकारने काढलेला नव्हता. सभासद संस्थांनीच वर्गणी भरावी, नियम करावे आणि एकमेकांची तपासणी करावी, असा तो कारभार. एखाद्या पेठेतील जुन्या सराफांनी एकत्र येऊन कसोटी ठरवावी, तसे.

सरकारने हे काम करून पाहिले नाही असे नव्हे. १९१० साली केंद्राच्या शिक्षण खात्याने केंड्रिक बॅबकॉक या अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्याने ३४४ कॉलेजांची चार वर्गांत प्रतवारी लावली: अमक्या कॉलेजाचा पदवीधर वर्षभरात एम. ए. होऊ शकेल, तमक्याला आणखी काही महिने लागतील, इत्यादी. यादी छापून बाहेर पडण्यापूर्वीच वृत्तपत्रांच्या हाती लागली आणि खालच्या वर्गात पडलेल्या कॉलेजांनी इतका गिल्ला केला की अध्यक्ष टाफ्ट यांनी ती दाबून ठेवली. त्यांच्यामागून आलेले वुड्रो विल्सन हे स्वतः प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष. पण त्यांनीही ती प्रसिद्ध होऊ दिली नाही. सरकारने माघार घेतली ती घेतलीच. मोकळ्या झालेल्या जागी संघ शिरले. नॉर्थ सेंट्रलने मान्यताप्राप्त कॉलेजांची आपली पहिली यादी १९१३ साली जाहीर केली. त्या आरंभीच्या कसोट्या बहुतेक सगळ्या मोजण्याच्या होत्या. किमान आठ विभाग हवेत, गंगाजळी निदान २ लाख डॉलर हवी, पदवीसाठी अमुक तास शिकविले गेले पाहिजेत. शिकविलेले डोक्यात किती उतरले, हे मोजण्याचे माप कोणापाशी नव्हते. १९३४ साली नॉर्थ सेंट्रलने हे आकडे बाजूस सारले आणि प्रत्येक कॉलेजाने स्वतःचे जे उद्दिष्ट सांगितले असेल त्याच्याशी ताडून त्याला पाहावयाचे, असे नवे धोरण स्वीकारले. दर काही वर्षांनी कॉलेजाने आत्मपरीक्षणाचा अहवाल लिहावयाचा, मग इतर कॉलेजांतील प्राध्यापकांनी येऊन तो पडताळावयाचा, ही आजची पद्धत त्यातूनच आली. भारतात १९९४ साली बंगळुरात स्थापन झालेल्या 'नॅक'नेही हीच रीत थोड्याफार फरकाने उचलली आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने यात काय होते? अमेरिकेत शिक्षण विषयागणिक मोजले जाते. एक विषय पुरा केला की त्याचे ठरावीक श्रेयांक खात्यावर जमा होतात आणि गाव बदलले, नोकरी बदलली, लष्करातून सुटून आले, तर ती शिदोरी घेऊन विद्यार्थी दुसऱ्या कॉलेजात जातो. ती शिदोरी दुसरीकडे चालेल की नाही, हे पहिल्या कॉलेजाच्या मान्यतेवर ठरते. उच्च शिक्षणाचा प्रवेश, शिक्षकाचा परवाना, सरकारी नोकरी यांनाही तीच अट. अमेरिकेहून पदवी घेऊन परतलेल्या भारतीय विद्यार्थ्यालाही समकक्षता मिळविताना, त्याच्या संस्थेला तिकडे मान्यता होती की नाही, याचे उत्तर आधी द्यावे लागते. म्हणजे परीक्षा होते ती कॉलेजाची आणि उत्तीर्ण-अनुत्तीर्ण होतो तो विद्यार्थी. या विचित्र गाठीचा खरा ताण दक्षिणेकडील दोन प्रकरणांत दिसून आला.

पहिले प्रकरण जॉर्जिया राज्यातले, १९४१ सालचे. यूजीन टॅल्मॅज हे तेथील गव्हर्नर. अथेन्स येथील राज्य विद्यापीठात वॉल्टर कॉकिंग हे शिक्षणशास्त्र शाखेचे अधिष्ठाता होते. गोऱ्या व काळ्या विद्यार्थी-शिक्षकांनी एकत्र सराव करावा अशी शाळा काढण्याची भाषा त्यांनी केली, असा आरोप त्यांच्यावर आला. त्यांनी तो साफ नाकारला. परंतु निवडणुकीच्या राजकारणात वर्णाचा प्रश्न हे टॅल्मॅज यांचे हुकमी पान होते. त्यांनी विद्यापीठांच्या नियामक मंडळाकडे कॉकिंग यांच्या बडतर्फीची मागणी केली. मंडळाने आधी मान तुकविली. विद्यापीठाचे अध्यक्ष राजीनामा द्यावयास निघाले तेव्हा फेरसुनावणी झाली आणि कॉकिंग एका मताने वाचले. गव्हर्नरांनी मग मंडळावरचे तीन सभासद बदलले. १९४१ च्या जुलैत नव्या मंडळाने कॉकिंग यांना काढले आणि त्यांच्याबरोबर स्टेट्सबरो येथील अध्यापक महाविद्यालयाचे अध्यक्ष मार्विन पिटमन यांनाही.

डिसेंबरात सदर्न असोसिएशनने निकाल दिला. राजकीय हस्तक्षेपाच्या कारणावरून जॉर्जियातील गोऱ्यांच्या दहा शासकीय संस्थांची मान्यता १९४२ च्या सप्टेंबरपासून काढून घेण्यात येईल. विद्यार्थी आधीच खवळले होते. गव्हर्नरांचे पुतळे टांगणे आणि जाळणे सुरू झाले होते. आता प्रश्न केवळ रागाचा उरला नाही. ज्याने तीन वर्षे फी भरली, त्याची चौथ्या वर्षाअखेरची पदवी शेजारच्या राज्यात चालेल की नाही, याची शाश्वती राहिली नाही. तेव्हाच्या जॉर्जियात लोक राज्यपातळीवरच्या भानगडी पुष्कळ सोशीत. परंतु घरच्या मुलाच्या पदवीवर गदा आल्यावर शेतकऱ्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांना नियामक मंडळ म्हणजे काय चीज आहे, ते समजू लागले. एलिस आर्नल यांनी १९४२ ची निवडणूक बहुतांशी याच प्रश्नावर लढविली. विद्यार्थी गावोगाव त्यांच्या प्रचारास गेले. टॅल्मॅज हरले. आर्नल यांनी नियामक मंडळ गव्हर्नरांच्या मुठीतून सोडविले आणि १९४३ साली मान्यता परत मिळाली.

ही कथा अमेरिकेत अधिस्वीकृतीच्या गौरवार्थ सांगितली जाते आणि तो गौरव अनाठायी नाही. कोणतेही न्यायालय किंवा कोणताही केंद्रीय मंत्री जे करू शकला नसता, ते प्राध्यापकांच्या एका खाजगी संघाने केले. त्याआधी नॉर्थ डकोटा राज्यातही गव्हर्नर लँगर यांच्या अमदानीत शेतकी कॉलेजातील अध्यापकांना काढल्यावरून असेच घडले होते. राज्य संघाविरुद्ध कोर्टात गेले आणि १९३८ साली हरले. मात्र जॉर्जियाच्या कथेची दुसरी बाजू इतक्या उत्साहाने सांगितली जात नाही. आर्नल यांनीही प्रचारात वर्णभेद कायम राखण्याचीच हमी दिली होती. ज्या पक्षांतर्गत निवडणुकीत टॅल्मॅज पडले तीत काळ्या नागरिकांना मतदानाचा हक्कच नव्हता. आणि ज्या संघाने विद्यापीठाचे स्वातंत्र्य राखले त्याच्या सभासदांत काळ्यांचे एकही कॉलेज नव्हते. असणे शक्यच नव्हते, कारण संघ त्यांना सभासद करून घेत नसे.

दक्षिणेत काळ्या विद्यार्थ्यांची कॉलेजे यादवी युद्धानंतर निघाली. टेनेसीतील फिस्क, अटलांटा येथील मोअरहाउस व स्पेलमन, अलाबामातील टॅलाडेगा ही त्यांतली काही नावे. फिस्कमधून बाहेर पडलेले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे डॉक्टर झाले. परंतु ज्या अर्थी सदर्न असोसिएशन त्यांच्या कॉलेजांकडे पाहतच नसे, त्या अर्थी तेथील पदवीधर उत्तरेकडील विद्यापीठात गेला की त्याचे मोल त्या त्या ठिकाणच्या मर्जीवर ठरे. ड्यू बॉइस यांच्याजवळ फिस्कची पदवी असताना हार्वर्डने त्यांना पुन्हा पदवीच्याच वर्गात बसविले होते. संघाच्या कानांवर हात ठेवण्याचे स्पष्ट परिणाम दिसत असूनही १९३० पर्यंत काही हलले नाही. त्या वर्षी संघाने काळ्यांच्या कॉलेजांची तपासणी मान्य केली आणि फिस्कला 'अ' श्रेणी दिली. परंतु ही यादी निराळी ठेवली. तपासणार, श्रेणी देणार, पण बैठकीत खुर्ची देणार नाही, असा तो प्रकार सत्तावीस वर्षे चालला. पंक्तीबाहेर वाढलेले पान काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचा अर्थ निराळा उलगडून सांगावयास नको. काळ्यांच्या कॉलेजांना संघाचे सभासदत्व मिळू लागले ते १९५७ पासून.

कसोटी कडक केली की निकृष्ट संस्था गळतात, हे खरे. परंतु ज्यांना कधी पैसाच मिळाला नाही त्याही गळतात. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय शाळा पाहून जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्याने ब्युकॅननच्या वंशजांचा निकाल लावला यात शंका नाही. त्याच अहवालाने काळ्यांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी हॉवर्ड व मेहारी या दोनच ठेवाव्या, असे सुचविले आणि पुढे तसेच झाले. दक्षिणेच्या राज्यांनी काळ्यांच्या कॉलेजांना पैसा द्यावयाचा नाही आणि मग ग्रंथालय लहान म्हणून त्यांना कमी लेखावयाचे, हे चक्र जॅक्सन शहरी जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच कोठे दिसले असेल.

जॅक्सन ही मिसिसिपीची राजधानी. तेथे काळ्या विद्यार्थ्यांसाठी 'जॅक्सन स्टेट' हे शासकीय कॉलेज होते. नऊ वर्षे हवाई दलात काढून आलेला जेम्स मेरेडिथ हा तरुण तेथे शिकत होता. १९६१ च्या जानेवारीत त्याने ऑक्सफर्ड या गावी असलेल्या मिसिसिपी विद्यापीठात बदलीने प्रवेश मागितला. त्या विद्यापीठात तोपर्यंत गोरेच शिकत. अर्ज आला तसे विद्यापीठाचे नियम हलू लागले. फेब्रुवारीत बदलीच्या श्रेयांकांविषयी एक नवा नियम झाला, मे महिन्यात आणखी एक. ज्या संस्था प्रादेशिक संघाच्या सभासद असतील, त्यांचेच श्रेयांक चालतील. २५ मे रोजी रजिस्ट्रारांनी मेरेडिथला कळविले की आपण ज्या कॉलेजात शिकत आहात ते सदर्न असोसिएशनचे सभासद नसल्यामुळे आपला अर्ज मान्य करता येत नाही. पत्रात त्याच्या वर्णाविषयी एक अक्षर नव्हते.

या पत्राची गंमत, जर तिला गंमत म्हणता येत असेल तर, अशी की जॅक्सन स्टेट आणि मिसिसिपी विद्यापीठ या दोन्ही संस्था एकाच विश्वस्त मंडळाच्या ताब्यात होत्या. जॅक्सन स्टेटला काय शिकवावे, किती पैसा द्यावा, ग्रंथालय केवढे बांधावे, हे ठरविणारे तेच मंडळ. आणि त्या कॉलेजाचे शिक्षण पुरेसे नाही म्हणून विद्यार्थ्याला परत पाठविणारी संस्थाही त्याच मंडळाची. ज्या संघाने चारच वर्षांपूर्वीपर्यंत काळ्यांच्या कॉलेजांना दारच उघडले नव्हते, त्याचे सभासद नसणे हा आता विद्यार्थ्याचा दोष ठरला.

मेरेडिथ कोर्टात गेला. त्याच्या बाजूने काम पाहणाऱ्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी या नियमांच्या तारखा एकापुढे एक मांडल्या. खालच्या कोर्टाला त्यात वर्णभेद दिसला नाही. अपील न्यायालयाला दिसला. २५ जून १९६२ च्या निकालात न्यायमूर्ती जॉन मायनर विस्डम यांनी विद्यापीठाची एकेक सबब तपासून बाजूला काढली. मेरेडिथला नाकारले ते केवळ तो काळा आहे म्हणून, असे स्पष्ट म्हटले आणि त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. तरीही गव्हर्नर रॉस बार्नेट यांनी स्वतः दारात उभे राहून त्याला अडविले. ३० सप्टेंबरच्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल उसळली. तीत एका फ्रेंच पत्रकारासह दोन माणसे मेली आणि सैन्य आणावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेडिथचे नाव पटावर चढले.

यानंतर चक्र उलटे फिरले. विश्वस्त मंडळाने आपले अधिकार गव्हर्नरांच्या हाती सोपविल्याबद्दल सदर्न असोसिएशनने मिसिसिपीच्या शासकीय कॉलेजांना मान्यता जाण्याची ताकीद दिली. एका काळ्या विद्यार्थ्याला थोपविण्यासाठी जी ढाल पुढे केली होती, तिचीच धार आता गोऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना टोचू लागली. १८ ऑगस्ट १९६३ रोजी मेरेडिथने पदवी घेतली.

तोपर्यंत या मान्यतेचे मोल सरकारी तिजोरीशी बांधले गेले होते. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च १९४४ च्या कायद्याने सरकारने उचलला, तेव्हा त्या पैशावर डोळा ठेवून रातोरात शाळा निघाल्या. म्हणून १९५२ साली कोरियातील युद्धावरून आलेल्यांसाठी नवा कायदा करताना, भरवशाच्या अधिस्वीकृती-संस्थांची यादी केंद्राने ठेवावी असे ठरले. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने सर्वसामान्य विद्यार्थ्यांची कर्जे आणि अनुदाने त्याच यादीला जोडली. प्राध्यापकांच्या स्वयंस्फूर्त संघांच्या हाती अशा रीतीने सरकारी पेटीची किल्ली आली. आणि प्रादेशिक संघांबरोबरच धंदेशिक्षणाच्या शाळांना मान्यता देणाऱ्या, देशभर काम करणाऱ्या 'राष्ट्रीय' संस्थांच्या हातीही.

येथे एक शब्द फसवा आहे. आपल्या कानाला 'प्रादेशिक' लहान आणि 'राष्ट्रीय' मोठे वाटते. अमेरिकेत प्रतिष्ठा उलटी होती. जुनी विद्यापीठे प्रादेशिक संघांत. नफ्यासाठी चालविलेल्या पुष्कळशा शाळा राष्ट्रीय संस्थांकडे. प्रादेशिक मान्यतेची कॉलेजे राष्ट्रीय मान्यतेच्या शाळांचे श्रेयांक बहुधा घेत नसत. हा भेद जाहिरातीत कोण सांगणार? शाळा 'मान्यताप्राप्त' आहे, हे वाक्य खोटे नव्हते. कष्टकऱ्यांची मुले, सैन्यातून आलेले, मुले सांभाळून शिकणाऱ्या बाया त्या वाक्यावर विसंबून कर्ज काढीत. २०१५ साली कोरिंथियन ही कॉलेजांची मोठी साखळी बुडाली. ६ सप्टेंबर २०१६ रोजी आयटीटी ही दुसरी साखळी एका दिवसात बंद झाली आणि ३५ हजारांहून अधिक विद्यार्थी रस्त्यावर आले. आपले श्रेयांक घेऊन ते शेजारच्या कॉलेजात गेले, तेव्हा अनेकांना पहिल्या वर्षापासून आरंभ करावा लागेल असे सांगण्यात आले. आयटीटीला मान्यता देणाऱ्या संस्थेची स्वतःची सरकारमान्यता २०१६ साली काढली गेली, मध्यंतरी परत दिली गेली आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये कायमची रद्द झाली.

१ जुलै २०२० पासून केंद्र सरकारच्या नियमांतून प्रादेशिक व राष्ट्रीय हा भेद उठला. कोणत्याही राज्यातील कॉलेजाने आता कोणत्याही संघाकडे मान्यता मागावी, अशी मुभा झाली. कागदावरची सीमा गेली. परंतु बदलीने येणाऱ्या विद्यार्थ्याचे कोणते श्रेयांक घ्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार पूर्वीप्रमाणेच ज्या त्या कॉलेजाकडे राहिला. आयटीटीच्या सुमारे २ लाख ८ हजार जुन्या विद्यार्थ्यांचे ३९० कोटी डॉलरचे कर्ज सरकारने २०२२ साली माफ केले. त्यांनी त्या वर्गांत घालविलेल्या वर्षांचे श्रेयांक कोठे जमा करावयाचे, याविषयी त्या आदेशात काही नव्हते.